यिद्दिश: भाषा कशी घडली, कशी वाचायची आणि आज कोण बोलतं

'शाबेस लेयेन्ट दी बोबे अ सेयफर.' अर्थ असा, की शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी आजी धर्मग्रंथ वाचते. यिद्दिश या मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं हे अगदी घरगुती वाक्य आहे. त्यातले 'शाबेस' आणि 'सेयफर' हे शब्द हिब्रूतून आलेले. 'बोबे' म्हणजे आजी, हा शब्द पोलिश, युक्रेनियन वगैरे स्लाव्ह भाषांकडून घेतलेला. 'लेयेन्ट' या क्रियापदाचं मूळ लॅटिनमधल्या 'लेगेरे'पर्यंत, म्हणजे जुन्या फ्रेंच-इटालियन बोलींपर्यंत जातं. उरलेली 'दी' आणि 'अ' ही उपपदं जर्मन कुळातली. वाक्याची सुरुवात 'शाबेस'ने झाल्यामुळे क्रियापद लगेच दुसऱ्या जागी आलं आणि कर्ता मागे गेला, हा नियमसुद्धा जर्मनच. हे सगळं लिहायचं मात्र हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे.

सहा शब्दांत चार भाषाकुळांचा माल आहे, म्हणून यिद्दिशला कित्येक शतकं 'खिचडी', 'बिघडलेली जर्मन' किंवा 'झार्गोन' म्हणून हिणवलं गेलं. मराठी माणसाला या आरोपातली चूक लवकर कळेल. आपण 'जमीन' आणि 'सरकार' फारसीकडून घेतले, 'अक्का' आणि 'अण्णा' कानडीकडून, 'बटाटा' आणि 'चावी' पोर्तुगीजांकडून. 'गैरसमज' या शब्दात 'गैर' बाहेरचा आणि 'समज' आपली. तरी वाक्य चालतं ते मराठी व्याकरणाने. यिद्दिशचंही तेच आहे. 'श्लिमाझ्ल' म्हणजे करंटा, दुर्दैवी माणूस. त्यात 'श्लिम' (वाईट) जर्मन आणि 'माझ्ल' (नशीब) हिब्रू. 'पोयर' म्हणजे शेतकरी, हा शब्द जर्मन, पण त्याचं अनेकवचन 'पोयेरिम' होतं आणि तो '-इम' प्रत्यय हिब्रू आहे. 'गानेव' म्हणजे चोर, हा हिब्रू शब्द. त्याला जर्मन क्रियापदाचे प्रत्यय लावले की 'एर होट गेगानव्हेट', त्याने चोरलं. घटक आणले बाहेरून, पण ते जोडण्याची रीत यिद्दिशची स्वतःची आहे आणि तिला ठाम नियम आहेत.

हिब्रूशी होणारी गल्लत तर फारच सर्रास दिसते. हिब्रू सेमिटिक कुळातली, अरबीची बहीण. यिद्दिश जर्मानिक कुळातली. दोघींत सामाईक आहे ती लिपी आणि शब्दसंग्रहाचा एक भाग. मराठी मोडीत लिहिली काय आणि बाळबोधीत लिहिली काय, मराठीच राहते. लिपीवरून भाषेचं कूळ ठरत नाही. दुसरी गल्लत म्हणजे सगळे ज्यू यिद्दिश बोलत होते असं समजणं. यिद्दिश ही अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांची भाषा लादिनो, बगदादकडच्यांची ज्यू-अरबी. आणि कोकणातल्या बेने इस्रायलींची, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून 'शनिवार तेली' म्हणत, त्यांची मातृभाषा मराठी. पुण्यात १८७४ साली वल्हांडण सणाचं 'हग्गादा' हे पुस्तक हिब्रू संहिता आणि मराठी भाषांतरासह छापलं गेलं, आणि त्यातली मराठी देवनागरीतच आहे. अश्केनाझींनी नेमकं उलट केलं होतं: भोवतालची बोली उचलली आणि ती आपल्या प्रार्थनेच्या अक्षरांत लिहायला घेतली. मुलगा तीन-चार वर्षांचा झाला की हिब्रू अक्षरं शिकायचाच. लॅटिन अक्षरं त्यांच्या लेखी चर्चची होती.

ऱ्हाईनकाठापासून पोलंडपर्यंत

यिद्दिशचा उगम साधारण हजार वर्षांपूर्वी धरतात. ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झ, वर्म्स आणि श्पायर या शहरांत फ्रान्स-इटलीकडून आलेली ज्यू कुटुंबं स्थानिक जर्मन बोली बोलू लागली, हा जुना आणि प्रसिद्ध सिद्धान्त. तो मुख्यतः माक्स वाइनराइख या भाषाशास्त्रज्ञाने मांडला. काही अभ्यासक मात्र उगम आणखी पूर्वेला, डॅन्यूबकाठच्या रेगेन्सबुर्गच्या बाजूला शोधतात, कारण पुढच्या यिद्दिशमधली स्वरांची ठेवण बव्हेरियाकडच्या बोलींशी जास्त जुळते. हा वाद अजून मिटलेला नाही.

तारीख पक्की असलेलं सर्वात जुनं यिद्दिश वाक्य १२७२ सालचं आहे. पुढे वर्म्सच्या ज्यू समाजाने वापरलेल्या एका अवजड प्रार्थनाग्रंथात, एका मोठ्या हिब्रू शब्दाच्या अक्षरांच्या पोकळीत लेखनिकाने यमक जुळवून एक ओळ लिहिली: हा ग्रंथ जो सभास्थानापर्यंत वाहून नेईल त्याला चांगला दिवस लाभो. ग्रंथ आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या एका ओळीतही 'ग्रंथ' आणि 'सभास्थान' हे शब्द हिब्रू आणि बाकी सगळं जर्मन आहे. म्हणजे मिश्रणाची घडी तेव्हाच बसली होती.

१०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या ज्यूंची कत्तल केली. १३४८-४९ मध्ये प्लेगचं खापर त्यांच्यावर फोडून पुन्हा कत्तली झाल्या. लोक पूर्वेकडे सरकत गेले. पोलंडमध्ये राज्यकर्त्यांनी संरक्षणाच्या सनदा दिल्या होत्या. १२६४ ची कालिशची सनद त्यांतली पहिली मोठी. तिथे भोवती सगळे स्लाव्ह बोलणारे, त्यामुळे जर्मन पायाची ही बोली जर्मनीपासून तुटली आणि स्वतंत्रपणे वाढू लागली. 'बोबे', 'झेयदे' (आजोबा), 'चायनिक' (किटली) हे शब्द तिथले. लघुत्व आणि लाड दाखवणारी रूपं तर इतकी रुजली, की एका नामाच्या दोन पायऱ्या झाल्या: 'बुख' पुस्तक, 'बिख्ल' छोटं पुस्तक, 'बिखेले' अगदी इवलंसं, लाडकं पुस्तक.

समाजात दोन भाषांची वाटणी होती. हिब्रू आणि तिच्या नात्यातली जुनी आरामाइक ही 'लोश्न-कोयदेश', पवित्र भाषा: प्रार्थना, धर्मचर्चा, करारपत्रं तिच्यात. यिद्दिश ही 'मामे-लोश्न', शब्दशः आईची बोली. आपल्या 'मायबोली'च्या इतका जवळचा शब्द दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल. स्त्रियांना सहसा हिब्रूचं शिक्षण मिळत नसे, म्हणून त्यांच्यासाठी बायबलमधल्या कथा आणि निरूपण यिद्दिशमध्ये सांगणारं 'त्सेने-रेने' हे पुस्तक सतराव्या शतकापासून घराघरात पोचलं आणि त्याच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या. हॅम्बुर्गच्या ग्लिक्ल या व्यापारी विधवेने १६९१ पासून मुलांसाठी लिहिलेल्या आठवणी आजही वाचल्या जातात. बाजारभाव, हुंड्या, मुलींची लग्नं, प्लेगची भीती, सगळं त्यांत आहे. त्या काळाच्या रोजच्या आयुष्याची इतकी नेमकी नोंद दुसरीकडे मिळणं अवघड.

आधुनिक यिद्दिश साहित्य मात्र उशिरा आलं, १८६० नंतर. मेंदेले मोयखेर-स्फोरिम, शोलेम आलेखेम आणि यि. ल. पेरेत्स हे तिघे त्याचे आधारस्तंभ मानले जातात. १८७६ मध्ये रुमानियातल्या याश शहरात अब्राहम गोल्डफादेनने पहिली व्यावसायिक यिद्दिश नाटक मंडळी उभी केली. १८९७ च्या रशियन जनगणनेत साम्राज्यातल्या पन्नास लाखांहून अधिक ज्यूंपैकी जवळपास ९७ टक्क्यांनी यिद्दिश हीच मातृभाषा नोंदवली. त्याच साली न्यूयॉर्कमध्ये 'फोरव्हेर्ट्स' हे यिद्दिश दैनिक निघालं. पुढे त्याचा खप दोन लाखांच्या वर गेला. १९०८ मध्ये चेर्नोव्हित्स शहरात भाषेसाठी परिषद भरली. यिद्दिश ही ज्यूंची 'एकमेव' राष्ट्रभाषा म्हणायची की 'एक' राष्ट्रभाषा, यावर कडाक्याचे वाद झाले आणि ठराव 'एक' असा झाला. हिब्रूच राष्ट्रभाषा हवी म्हणणाऱ्यांशी असलेल्या झगड्याचं सारं मर्म त्या एका शब्दात होतं.

शुद्धलेखन: खरी अडचण इथे आहे

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची आहे, स्वर वाचकाने संदर्भाने भरायचे. यिद्दिशने त्यातली काही अक्षरं स्वरांच्या कामाला लावली. 'आयिन' हे अक्षर 'ए'साठी. 'आलेफ'खाली आडवी रेघ असेल तर 'आ', छोटी 'टी'सारखी खूण असेल तर 'ओ', काहीच नसेल तर ते मुकं. 'वोव्ह' म्हणजे 'उ', 'यूद' म्हणजे 'इ', आणि जोडून लिहिली की 'ऑय', 'एय', 'आय'. त्यामुळे जर्मन आणि स्लाव्ह उगमाचे शब्द दिसतात तसे वाचता येतात. इतकं शिकायला रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवडे पुरतात.

मग एक दिवस 'एमेस' (सत्य) हा शब्द समोर येतो आणि गाडी अडते. तो लिहिला जातो 'आलेफ, मेम, सोफ' अशा तीनच अक्षरांत, दोन्ही 'ए' कुठेच दिसत नाहीत. कारण हिब्रू-आरामाइक उगमाचे शब्द यिद्दिशमध्ये मूळ हिब्रू वर्तनीनेच लिहायचे असतात. आपण तत्सम शब्द मुळाबरहुकूम लिहितो, बोलताना 'द्न्यान' म्हणूनही 'ज्ञान' लिहितो, तोच हा प्रकार. फक्त यिद्दिशमध्ये हे शब्द हजारोंनी आहेत आणि एकेक करून लक्षात ठेवावे लागतात. त्यातही उच्चार अश्केनाझी परंपरेचा: इस्रायलमधला 'एमेत' इथे 'एमेस', 'शब्बात' इथे 'शाबेस'. ज्याला आधुनिक हिब्रू येते तो वर्तनी बरोबर ओळखतो आणि उच्चार हमखास चुकवतो.

यावर एक उपयोगी युक्ती आहे. 'व्हेस', 'खेस', 'कोफ', 'सिन', 'तोफ' आणि 'सोफ' ही सहा अक्षरं फक्त हिब्रू-आरामाइक शब्दांतच येतात (कोफ म्हणजे मध्ये टिंब असलेलं, बिनटिंबाचं 'खोफ' सगळीकडे चालतं). त्यांपैकी एकही शब्दात दिसलं, की अक्षरं जुळवत बसू नये, शब्दकोश उघडावा.

सोव्हिएत संघाने ही अडचणच कापून टाकली. तिथे हिब्रू शब्दही उच्चाराप्रमाणे लिहायचे ठरलं, 'एमेस' होऊन बसलं 'आयिन, मेम, आयिन, सामेख'. पुढे शब्दाच्या शेवटी येणारी पाच अक्षरांची वेगळी रूपंही त्यांनी काढून टाकली. मुलांना शिकणं सोपं झालं खरं, पण हेतू तेवढाच नव्हता. धर्मग्रंथांशी असलेला दुवाही डोळ्यांसमोरून पुसायचा होता. 'ज्ञान'ऐवजी 'द्न्यान' छापलेलं वर्तमानपत्र रोज घरी आलं तर काय वाटेल, त्यावरून अंदाज करावा. विल्ना (आजचं व्हिल्नियस) शहरात १९२५ मध्ये स्थापन झालेल्या यिवो या संशोधनसंस्थेने १९३० च्या दशकात मधला मार्ग प्रमाण ठरवला: हिब्रू शब्द मुळाप्रमाणे, बाकीचे उच्चाराप्रमाणे. आज विद्यापीठांत हाच नियम चालतो. हसिदी, म्हणजे कर्मठ धार्मिक पंथांच्या वर्तमानपत्रांत मात्र त्याहून जुनी, जर्मनच्या वळणाची वर्तनी दिसते, आलेफखालच्या खुणा बऱ्याचदा गळतात आणि मुकी अक्षरं जास्त असतात.

बोलींबद्दल थोडक्यात. पूर्व युरोपात तीन मोठ्या बोली: उत्तरेला लिथुआनियाकडची लिटविश, मध्ये पोलिश-हंगेरियन, दक्षिणेला युक्रेनकडची. पश्चिमेकडची जुनी यिद्दिश एकोणिसाव्या शतकात जर्मनपुढे जवळजवळ संपली. पुस्तकात 'गुट' (चांगलं) शिकलात तर पोलिश बोलीत ते 'गिट' ऐकू येईल, 'वोस माख्स्तू?' (कसा आहेस?) हे 'वुस माख्स्ती?' होईल. लिटविश बोलणारे नपुंसकलिंग वापरतच नाहीत.

तुटलेला धागा

दुसऱ्या महायुद्धाआधी यिद्दिश बोलणारे साधारण १ कोटी १० लाख ते १ कोटी ३० लाख होते. नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी सुमारे पन्नास लाख यिद्दिशभाषक असावेत असं मानलं जातं. इथे माणसांबरोबर शाळा, छापखाने, नाट्यगृहं, विद्यार्थी आणि शिक्षक सगळेच गेले. वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, इमानुएल रिंगेलब्लूमच्या गटाने यिद्दिश आणि पोलिशमध्ये केलेल्या नोंदी पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरल्या. त्यांचे दोन भाग १९४६ आणि १९५० मध्ये सापडले. विल्नामध्ये कवी आव्रोम सुत्स्केव्हर आणि त्याच्या सोबत्यांनी यिवोची हस्तलिखितं अंगावरच्या कपड्यांत लपवून घेट्टोत नेली. नाझींनी त्यांना यिवोत कामाला लावलं होतं ते काय जर्मनीला पाठवायचं आणि काय रद्दीत घालायचं ते निवडायला.

त्यानंतर दोन घाव आणखी बसले. १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री सोव्हिएत सरकारने मॉस्कोत तेरा जणांना गोळ्या घातल्या, त्यांत पेरेत्स मार्किश आणि दोव्हिद बेर्गेल्सन यांच्यासह पाच यिद्दिश लेखक होते. दुसरा घाव घरचा होता. इस्रायल उभारणाऱ्यांना हिब्रू हवी होती, आणि यिद्दिश त्यांना परागंदा आयुष्याची, लाचारीची खूण वाटे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात यिद्दिशचं अध्यासन करण्याची सूचना १९२७ मध्ये विरोधामुळे बारगळली. ते सुरू झालं १९५१ मध्ये. हिब्रू पुन्हा बोलती झाली हे मोठंच काम, पण त्यासाठी छळछावण्यांतून वाचून आलेल्या माणसांना त्यांच्या आईच्या भाषेची लाज वाटायला लावली गेली, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. अमेरिकेत सक्ती कुणी केली नाही. तिथे दोन पिढ्यांत मुलं इंग्रजीत गेली आणि घरातली पुस्तकं कचऱ्यात जाऊ लागली. १९८० मध्ये आरोन लान्स्की या तरुणाने ती गोळा करायला घेतली. जगभरात मिळून सत्तर हजार यिद्दिश पुस्तकं उरली असतील असा जाणकारांचा तेव्हाचा अंदाज होता. त्याच्या संस्थेने दहा लाखांहून जास्त वाचवली. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या या केंद्राची हजारो पुस्तकं आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

आज कोण बोलतं

आज बोलणाऱ्यांचे अंदाज साधारण पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातात. यातले बहुतेक जण हसिदी, म्हणजे कर्मठ धार्मिक पंथांतले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं विल्यम्सबर्ग आणि बरो पार्क, त्या शहराच्या उत्तरेला किर्यास जोएल, लंडनचं स्टॅमफर्ड हिल, बेल्जियमचं अँटवर्प, जेरुसलेमचं मेआ शेआरिम इथे मुलं रस्त्यात यिद्दिशमध्ये भांडतात, दुकानांत यिद्दिश पाट्या असतात, 'देर यिद'सारखी साप्ताहिकं खपतात. घरात सहा-सात मुलं असणं इथे नवलाचं नाही, त्यामुळे संख्या वाढते आहे. 'मरणपंथाला लागलेली भाषा' हे वर्णन या वस्त्यांना लागू पडत नाही.

त्यांनी भाषा राखली ती साहित्यप्रेमाने नव्हे. हिब्रू पवित्र, ती भाजीबाजारात वापरू नये ही श्रद्धा. भोवतालच्या समाजापासून अंतर राखायचं ही गरज. आणि मुलग्यांच्या शाळेत तोरा व तालमूद या धर्मग्रंथांचा अर्थ ओळीओळीने यिद्दिशमध्ये सांगण्याची जुनी पद्धत. मुलींच्या शाळांत इंग्रजी जास्त, म्हणून ब्रुकलिनमध्ये बऱ्याच स्त्रिया आपसांत इंग्रजी बोलतात आणि मुलग्यांशी यिद्दिश. ही यिद्दिश बदलतेही आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांना आढळलं, की हसिदी बोलण्यात नामांचं लिंग आणि विभक्तीची रूपं जवळजवळ गळून गेली आहेत; 'देर', 'दी', 'दोस' या तिन्हींच्या जागी एकच उपपद येतं. याला चूक म्हणणं सोपं आहे. पण जी भाषा लाखो मुलं आईकडून शिकतात तिचं व्याकरण ती मुलंच घडवत असतात.

दुसरं जग विद्यापीठं, नाट्यगृहं, उन्हाळी वर्ग आणि लेखकांचं. ते लहान आहे, पण आयझॅक बाशेविस सिंगरला १९७८ चं नोबेल मिळालं ते या जगातल्या यिद्दिशसाठी. स्वीडनने यिद्दिशला अधिकृत अल्पसंख्याक भाषांत स्थान दिलं आहे. या दोन जगांत ये-जा कमीच. हसिदी घरात सिंगरची कादंबरी सहसा मिळणार नाही, आणि विद्यापीठात शिकलेल्याला विल्यम्सबर्गच्या फळविक्याचं बोलणं पहिल्या झटक्यात समजणार नाही.

शिकायची असेल तर

म्हणून आधी ठरवावं, कथा-कविता वाचायच्या की माणसांशी बोलायचं. वाचायचं असेल तर यिवोची प्रमाण भाषा घ्यावी. उरिएल वाइनराइखचं १९४९ चं 'कॉलेज यिद्दिश' हे पाठ्यपुस्तक अजून वापरात आहे. मोबाइलवर डुओलिंगोचा अभ्यासक्रम २०२१ पासून आहे, पण त्यातला उच्चार हंगेरियन-हसिदी धाटणीचा आणि वर्तनी प्रमाण. पुस्तक आणि अ‍ॅप एकदम सुरू केलं तर पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत: 'देर टिश' (टेबल) पुल्लिंगी, 'दी टिर' (दार) स्त्रीलिंगी, 'दोस बुख' नपुंसकलिंगी. 'दू' आणि 'इर' यांतला फरक थेट 'तू' आणि 'तुम्ही'चा. 'इर' आदरार्थीही आणि अनेकवचनीही. 'चमचा'तला 'च' हा यिद्दिशच्या 'त्सादेक' अक्षराचा उच्चार जवळजवळ जसाच्या तसा, तर 'चहा'तला 'च' लिहायला तिथे दोन अक्षरं जोडावी लागतात. चुकतो तो 'ख'. यिद्दिशमधला 'ख' घशातून घासत येतो, उर्दूभाषक 'ख़बर' म्हणतात तसा; आपला 'खडू'तला 'ख' तिथे परका वाटतो. विभक्तीत एक सापळा आहे: 'देर' हे पुल्लिंगी प्रथमेचं उपपद, पण स्त्रीलिंगी नामाच्या आधी शब्दयोगी अव्यय आलं की तिथेही 'देर'च येतं, 'मिट देर फ्रॉय' म्हणजे बाईबरोबर. म्हणून नामाचं लिंग उपपदासकट पाठ करावं.

संगणकावर टंकताना हिब्रू कीबोर्ड पुरत नाही, कारण त्यावर खुणांची आलेफ थेट मिळत नाही. यिद्दिशचा कीबोर्ड वेगळा बसवावा. शोध घेताना शब्द सापडला नाही तर तो नाहीच असं समजू नये. खूण असलेली आलेफ कधी एकाच संकेताने साठवलेली असते, कधी अक्षर आणि खूण अशा दोन संकेतांनी. जोड यूदचंही तसंच. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला वेगळी. एकदा खुणांसह आणि एकदा खुणा काढून, असा दोनदा शोध घ्यावा, आणि शब्द हिब्रू उगमाचा असेल तर तिसऱ्यांदा सोव्हिएत वर्तनीने.